लोणी लावलेली बाटली

यांगजीनं बाटलीच्या तोंडाला लोण्याचे तीन ठिपके लावले आणि ती सरळ गोऱ्या साहेबासमोर जाऊन उभी राहिली.

चुलीशेजारी बसलेल्या गागाची, म्हाताऱ्या आजोबांची, जपमाळ थांबली. लोणी लावलेली छांग, ही घरची दारू, कुणी उगाच आणत नाही. त्या बाटलीतले तीन पेले जो पितो, त्याला पुढची मागणी मोडता येत नाही. मग पोरगी मागायची असो नाहीतर बांधाचं भांडण मिटवायचं असो. थामे गावात हे शेंबड्या पोरालाही माहीत. साहेबाला माहीत नव्हतं. म्हणून तर यांगजीनं त्यालाच गाठलं होतं.

तिला एवढंच मागायचं होतं, उद्या ताशी लाप्चाच्या खिंडीत जाऊ नका. तीन दिवस बर्फ पडलं होतं आणि आज कडकडीत ऊन होतं. अशा उन्हात वरचे दगड सुटतात. सकाळपासून दोनदा डोंगर गडगडला होता. दोन्ही वेळा साहेब कॅमेरा घेऊन अंगणात धावला होता, खुळा.

त्याच्या टोळीला खिंडीपलीकडे नेणार होता यांगजीचा नवरा, छेवांग. दोन दिवस तिनं त्याच्यापुढे डोकं फोडलं. तो एकच म्हणायचा, "शब्द दिलाय." वीस वर्षांत एकही टोळी त्यानं अर्ध्यातून परत आणली नव्हती. दोन्ही पायांची मिळून सात बोटं उरली होती, पण ऐट दहाच्या दहा बोटांची होती. तो स्वतःहून नाही म्हणणार नव्हता. मग साहेबानंच नाही म्हणायला हवं होतं.

"घ्या साहेब, घ्या!" तिनं पेला काठोकाठ भरला.

साहेबानं छातीवर हात ठेवला, मान हलवली. मग पोटावर हात ठेवून तोंड वाकडं केलं.

"पोट बिघडलंय त्याचं," छेवांग म्हणाला. साहेबाचं तिला आणि तिचं साहेबाला तोच सांगायचा.

"एक घोट घेऊ दे. आलेल्या माणसानं नाही म्हटलं तर घराला बरं नाही."

"मग आण इकडे. त्याच्या वाटणीचा मी घेतो."

यांगजीचा हात हवेतच राहिला. छेवांगनं लोणी बघितलं नव्हतं की काय? पाहुण्याची अडचण झाली की त्याचा पेला आपण रिकामा करायचा, ही त्याची जुनी खोड. आता पेला मागे घेतला तर साहेबावरचा डाव गेला. पुढे केला तर नवराच अडकणार, तोही गागाच्या देखत.

तिनं पेला पुढे केला.

त्यानं एका दमात रिचवला. तिनं भरला. त्यानं रिचवला. तिसरा भरताना अर्धी छांग त्याच्या गुडघ्यावर सांडली. तो खाली न बघताच प्याला.

"आता बोल," गागाच मध्ये बोलला. म्हाताऱ्याला दम कुठला!

"उद्या खिंडीत जायचं नाही," यांगजी म्हणाली. "ना तू, ना तुझी माणसं."

चुलीतलं लाकूड तडतडलं. गागा खदाखदा हसला. "घोट गेला, शब्द गेला! छेवांग, आता बूट काढ आणि बटाटे सोल."

"काय म्हणतात?" साहेबानं विचारलं. छेवांगनं सांगितलं. साहेब आधी टोमॅटोसारखा लाल झाला. हात नाचवत बराच वेळ बोलला. मग थांबला. ही तुमची रीत आहे का, असं त्यानं तीनदा विचारलं. छेवांगनं तीनदा मान हलवली. काल याच माणसाला छेवांगनं दगडांची भीती सांगितली होती, तेव्हा तो खांद्यावर थापट्या मारून हसला होता. आज त्यानं टोपी काढली. बाटलीचा फोटो काढला, लोण्याचा जवळून काढला, वहीत काहीतरी लिहिलं. उद्या खाली नामचेला उतरू, म्हणाला, आणि आपल्या माणसांना सांगायला बाहेर गेला. माणसाच्या भीतीला ही मंडळी मानत नाहीत. रीत म्हटली की देवळात आल्यासारखी गप्प.

गागाही उठला. ही गोष्ट गावभर करायची त्याला घाई झाली होती.

घरात दोघंच उरली. छेवांग खरंच बूट काढत बसला होता. यांगजीला मघापासूनचा आनंद एकदम आंबट लागला. तिनं त्याला वाचवलं होतं आणि वीस वर्षांची त्याची पत धुळीला मिळवली होती. उद्या विहारापासून पाणवठ्यापर्यंत हेच, छेवांग बायकोच्या बाटलीनं आडवा झाला.

"मला साहेबाला बांधायचं होतं, दिकीच्या बा," ती म्हणाली. "तुला नाही. कशाला मध्ये हात घातलास? आणि तो मेला! काल याच चुलीपुढे दोन मग छांग ढोसली त्यानं. आजच बरं पोट बिघडलं!"

छेवांगनं दुसरा बूट काढला. दाराबाहेर कुणी नाही ना, ते मान वाकडी करून बघितलं.

"त्याचं पोट ठणठणीत आहे," तो हळूच म्हणाला. "सकाळी तुला लोणी काढताना बघितलं आणि मीच त्याला सांगून आलो, माझी बायको बाटली घेऊन येईल, तू हात लावू नकोस. ते तीन पेले मलाच हवे होते."