मालक नसलेले तुकडे

"सूचीत नोंद नाही, म्हणजे कागद आलाच नाही. तसं लिहून द्या आणि मोकळे व्हा," लुडेके म्हणाला.

त्याच्या तोंडाला पेपरमिंटचा वास येत होता. फोको बेहरेंड्सला त्याचीही किळस आली. एम्डेन बंदरातल्या या विमा कंपनीत तो तीस वर्षं मोठ्या संगणकातलं कागदपत्रांचं कोठार सांभाळत होता. लुडेके त्याचा साहेब. न्यायालयाला बारापर्यंत उत्तर हवं होतं. गोदीतला वेल्डर युर्ना अॅस्बेस्टॉसच्या धुळीने फुप्फुसं निकामी होऊन मेला. त्याने पाठवलेला डॉक्टरी अहवाल कंपनीला मिळाला असेल, तरच त्याच्या बायकोला पेन्शन.

"सूची वेगळी, कागद वेगळा," फोको म्हणाला. "सूचीत नुसता पत्ता असतो. मोठा कागद तुकडे करून दुसऱ्या तक्त्यात ठेवतात, आणि प्रत्येक तुकड्यावर कागदाचं नाव असतं. सूचीत सापडलं नाही की तुकड्यांकडून उलटं यायचं."

"तुमचं कीर्तन पाठ आहे मला. अकरा वाजून गेलेत."

फोकोने सूचीत नाव नसलेले तुकडे काढले. एक्केचाळीस हजार निघाले. माणसांची दुखणी, नुसती कचऱ्यासारखी पडलेली. त्यात युर्नाचे सहा. ते जोडले. पडद्यावर अहवाल उमटला, कंपनीच्या पोचेच्या शिक्क्यासकट.

"हे अजून कुणी पाहिलेलं नाही," लुडेके हळूच म्हणाला.

"शी! तुम्हाला घास कसा उतरतो हो? थांबा, सूची कुणी छाटली तेही काढतो. त्याचं नाव न्यायालयात जाऊ दे."

"नका काढू, बेहरेंड्स. तुमच्याच भल्याचं सांगतोय."

फोकोने काढलं. मार्चमध्ये, वार्षिक तपासणीच्या आदल्या दिवशी, उघडताना अडणाऱ्या सगळ्या कागदांच्या नोंदी पुसल्या होत्या. अडचणींचा आकडा शून्यावर आला होता. अशा कामाला इथे दोन नावं लागतात. पुसणारा, लुडेके. तपासणारा, फोको बेहरेंड्स.

त्याला आठवलं. चहाची वेळ होती. कपात खडीसाखर तडतडत होती. लुडेकेचा फोन आला, "नेहमीची साफसफाई आहे," आणि त्याने कप खाली न ठेवताच मंजुरीचं बटण दाबलं होतं.

त्याने उत्तर लिहिलं: अहवाल मिळाला होता. नोंद आम्ही दोघांनी पुसली. खाली आपलं नाव घातलं आणि कीबोर्ड लुडेकेपुढे सरकवला.

"यालाही दुसरं नाव लागतं. घ्या, तपासा. फक्त मी तपासलं होतं तसं तपासू नका."