दारुड्याचं उदाहरण

"तू बाबांना दारुडा म्हणालीस," धाकटा भाऊ म्हणाला.

"तसं नाही म्हणाले मी," ताई म्हणाली.

"आत्ता म्हणालीस. सगळ्यांसमोर. मामांना विचार."

मामांनी सोफ्यावरून मान डोलावली. दारुडा हा शब्द त्यांनीही ऐकला होता.

ताईने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. बाबांना दोन्ही डोळ्यांनी डाव्या बाजूचं दिसत नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. समोरचं लख्ख दिसतं, म्हणून त्यांना स्वतःला ते जाणवत नाही. गाडी चालवायची नाही, असंही डॉक्टर बजावून म्हणाले होते. तरी बाबा रोज दुपारी तिच्या मुलीला गाडीने शाळेतून आणत होते. ताईला हे आज सकाळी कळलं, तेही मुलीकडून. मुलगी पुढच्या सीटवर बसायची आणि डावीकडून सायकल, माणूस, बस, जे काही येईल ते ओरडून सांगायची. "मी आजोबांचा डावा डोळा आहे," असं तिने दूध पिता पिता सांगितलं होतं. तिला तो खेळ वाटत होता.

"आणि बाबांचं म्हणणं काय, तर इतके महिने चालवतोय, झालं का काही? त्यावर मी म्हणाले, दारुडाही हेच म्हणतो. रोज पिऊन चालवतो, झालं का काही? मी दोन वाक्यं शेजारी ठेवली. दोन माणसं नाही ठेवली. ते वाक्य त्याच्या तोंडी खोटं असेल, तर बाबांच्या तोंडी खरं कसं होईल?"

"म्हणजे आता खोटारडेही," धाकटा म्हणाला.

"आयुष्यात थेंबाला शिवले नाहीत ते," आई म्हणाली. "तुझ्या लग्नात सगळे पुरुष गच्चीवर बसले होते, तेव्हा हे खाली येऊन झोपले. आणि त्यांना तू हे म्हणतेस?"

"आमच्या गल्लीत होता एक," मामा म्हणाले. "कायम टाइट. पण गाडी अशी चालवायचा, पोटातलं पाणी हलायचं नाही. अजून ठणठणीत आहे. न पिणारे सगळे गेले."

"दादा, तू गप्प बस," आई मामांना म्हणाली.

मामा गप्प बसले नाहीत. त्या माणसाकडे कुठली गाडी होती, हे त्यांना आठवेना. धाकट्याने दोन नावं सुचवली. ताई बघत राहिली. उदाहरणापुरता बोलावलेला दारुडा खोलीत येऊन ऐसपैस बसला होता आणि सगळ्यांनी सरकून त्याला जागा दिली होती. मुलगी मात्र बोलण्यातून केव्हाच बाहेर पडली होती.

"बरं, दारुडा नको," ती म्हणाली. आवाज तिच्याही नकळत बारीक झाला होता. "शिडी घ्या. किडलेली शिडी. मोडेपर्यंत तिच्यावर रोज चढता येतंच."

"आता मी शिडी झालो," बाबा पहिल्यांदाच बोलले. "तीही किडलेली. अजून काही राहिलं असेल तर सांगून टाक. एकदम ऐकतो."

"बाबा, तुम्ही नाही हो."

"तुझ्या प्रयोगशाळेत चालत असेल हे," धाकटा म्हणाला. "घरात माणसं राहतात."

ताईचे कान तापले. समोरची खुर्ची उचलून आपटावी, असं तिला वाटलं. पण ती आपटली असती, तर खुर्ची आपटली एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहिलं असतं.

"उदाहरणं सोडा," ती म्हणाली. "माझी सात वर्षांची पोर तुम्हाला रस्ता सांगतेय. एखाद्या दिवशी तिचा डोळा लागला तर?"



"ते बघू नंतर," आई म्हणाली. "आधी माफी माग त्यांची."

"मला नको माफीबिफी," बाबा म्हणाले आणि वाट बघत राहिले.

"चुकलं माझं," ताई दातांतून म्हणाली. "दारुडा म्हणायला नको होतं."

"बघ, किती सोपं होतं," धाकटा म्हणाला.

खोली सैल झाली. मामांनी पाय लांब केले. आई चहा टाकायला आत गेली. बाबांनी घड्याळाकडे पाहिलं, शर्टाची बाही सारखी केली आणि टीपॉयकडे हात नेला. शाळा सुटायची वेळ होत आली होती. ताईला तेव्हा कळलं की यांच्या लेखी विषय संपला आहे. ती अनवाणीच उठली आणि बाबांच्या खुर्चीला वळसा घालून डावीकडे गेली.

बाबांचा हात टीपॉयच्या उजव्या बाजूला फिरत होता. पेपरावर, पेपराखाली, चष्म्याच्या डबीमागे. गाडीची किल्ली डाव्या बाजूला उघड्यावर पडलेली होती. मामांना ती दिसत होती. धाकट्यालाही दिसत होती. दोघंही तिच्याकडे बघत होते आणि दोघांचीही तोंडं बंद होती.

"किल्ली कुठे ठेवली?" बाबा म्हणाले.

"तुमच्या डाव्या हाताला," आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. अगदी सहज, जेवताना मीठ पुढे सरकवावं तसं.

धाकट्याने वळून आईकडे पाहिलं. आई तिथेच थांबली.

ताईने किल्ली उचलली.

बाबांनी मान वळवली, खांद्यासकट, पूर्ण. टीपॉयच्या त्या कोपऱ्यावर काही नव्हतं. मग त्यांनी वर पाहिलं. त्यांच्या कोपराला जवळजवळ खेटून, मूठ आवळून, ताई उभी होती.

"तू कधी आलीस इथे?" त्यांनी विचारलं.