हक्कसोड

"सही कर, न्हायतर कोर्टात भेटू," म्हणत अभिनंदननं हक्कसोडपत्र धाकट्या भावापुढं आदळलं.

मंगळवार पेठेतल्या वकिलांच्या त्या खोलीत ऋषभचे पाय टेबलाखाली मावत नव्हते. सहा फूट सात इंच उंची. अकरा वर्षं तो पगार घेऊन बास्केटबॉल खेळला; आधी बहारीनला, मग थायलंडला, शेवटी जपानच्या दुसऱ्या फळीतल्या एका संघाकडून. तिथं गुडघा गेला. गेल्या दिवाळीत तो कायमचा कागलला परतला आणि तेव्हापासून घरात धड एक जेवण झालं नव्हतं.

अभिनंदनला त्याचं सगळंच खुपायचं. पेपरातला फोटो, पायातले बूट, लंगडतानाचा तो ऐटबाज तोल. आपण सहा एकर उसाला पाणी पाजत चिखलात उभे राहिलो, हा चेंडू टाकून कोट्यधीश झाला, आणि आता वर जमिनीत निम्मा वाटा? शाळेच्या संघात दोघंही होते. कप्तान तर अभिनंदन होता. पण बावीस वर्षांमागं क्रीडा वसतिगृहाचे प्रशिक्षक गणपतराव एका पोराला न्यायला जीप घेऊन घरी आले तेव्हा तो मळ्यात होता. तिन्हीसांजेला परतला तर ऋषभ ट्रंक घेऊन गेलेला. आपल्यात काय कमी होतं, ते त्याला कुणी सांगितलं नाही.

"किती मिळवलंस, ते तरी सांग की वकिलास्नी," तो खेकसला.

"सगळं धरून दीड कोट," ऋषभ म्हणाला. "एजंट, कर, दोन ऑपरेशनं. अठरा लाख उरल्यात. आता कमाई बंद."

"ऐका! अठरा लाख उशाला आन् डोळा माझ्या उसावर!"

शेजारी काठी धरून बसलेले त्यांचे वडील, दादासो आप्पा, गुरगुरले. "त्येला रानातलं काय कळतंय? लिहून घे आन् मोकळा हो."

ऋषभनं कागद वाचलाही नाही. वकिलांनी बोट ठेवलं तिथं तिथं सही केली.

महिनाभर भांडणाची तयारी करून आलेला अभिनंदन उलट जास्तच भडकला. त्यानं भावाची कॉलर धरली. "भीक घालतोस व्हय रं मला?"

"भीक न्हाय, आण्णा." ऋषभनं कॉलर सोडवून घेतली नाही. "गेल्या म्हैन्यात माझ्या सत्काराला गणपतराव सर आलते. मला म्हणाले, 'तुझा थोरला भाऊ काय करतो?' त्या दिशी जीप घेऊन त्ये तुला न्यायला आलते. मला न्हाय. आप्पांनी त्यास्नी सांगितलं, 'थोरला यायला तयार न्हाय, धाकट्याला न्या.'"

अभिनंदनची मूठ सैल पडली. बावीस वर्षं तो भावाला शिव्या देत होता. कुणीतरी हे खोटं पाडावं म्हणून तो वडिलांकडं वळला.

"आप्पा, खोटं हाय न्हवं ह्ये?"

म्हाताऱ्यानं नजर चुकवली नाही.

"कामाचा हुता त्यो ठेवला," आप्पा म्हणाले. "बिनकामाचा हुता त्यो दिला."