मातीसकट वजन

"मुळं, माती, सगळं वजनात धरा," सर्जेराव फौजदाराला म्हणाला. बांधाकडेच्या पट्टीत गांजा उगवलाय ही खबर त्यानंच दिली होती, वजनकाटाही त्याचाच होता. त्या पट्टीसाठी तो शेजारच्या गेनबाशी तीन वर्षं भांडत होता. वीस किलोच्या वर गेलं की जामीन मिळत नाही, हे त्यानं वकिलाला विचारून ठेवलं होतं.

"माती तरी झटकू द्या," गेनबा गयावया करत होता.

काटा एकवीसवर थांबला. सर्जेरावाचा जीव थंड झाला.

"पट्टी कुणाच्या नावावर?" फौजदारानं विचारलं.

पंचनाम्याला आलेल्या तलाठ्यानं सातबारा काढला. "सर्जेरावांच्या. त्यांचा अर्ज मंजूर होऊन सोमवारीच नाव चढलंय."

गेनबानं झटकायला उचललेलं झाड परत काट्यावर ठेवलं. "राहू द्या, साहेब. माती त्यांचीच हाय."