उरलेला आवाज

"काका, चावी द्या, नाहीतर गाडी दुसरीकडे न्या," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी तेलाने काळा झालेला हात पुढे केला.

काका दोन पावलं मागे सरले. गाडी घेतल्यापासून तिच्या स्टिअरिंगला त्यांच्याशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. त्यांची मुलगी गाडी चालवायला शिकली तीसुद्धा दुसऱ्याच्या गाडीवर. गॅरेजातही गाडी आतबाहेर काकाच करायचे. मिस्त्रींना चक्कर मारून बघायचं असेल, तर त्यांनी मुकाट्याने शेजारच्या सीटवर बसायचं.

मिस्त्रींच्या नाकी नऊ आले होते. गाडी देखणी होती, त्यात वाद नाही. गोल दिवे, लांब नाक, जुन्या घडणीचा जाड पत्रा. पण सुरू झाली की पिठाच्या गिरणीत उभं राहिल्यासारखं वाटायचं. काकांना इतकी वर्षं ते गोड लागत होतं. मग एके दिवशी काकू गाडीतून उतरल्या, दार शांतपणे लावलं आणि म्हणाल्या, की या गाडीत मी काय बोलते ते तुम्हाला ऐकू येत नाही, आणि न ऐकताच तुम्ही हो हो म्हणता. आवाज जाईल तेव्हा मी बसेन. तेव्हापासून दोघं मुलीकडे जायची ती वेगवेगळी. काका गाडीने, काकू बसने. काकू आधी पोहोचायच्या. हे पुराण मिस्त्रींना काकांनीच ऐकवलं होतं, तेही दर खेपेला, बॉनेट उघडता उघडता.

आवाज घालवायला मिस्त्रींनी काय करायचं बाकी ठेवलं होतं? इंजिन ज्या रबरांवर बसतं ती नवी घातली. सायलेन्सर बदलला. इंजिनाच्या झडपांचे टॅपेट सेट केले. इंजिनामागच्या पत्र्याला आवाज शोषणारं जाड फेल्ट चिकटवलं, पायाखाली अंथरलं, दारांच्या पोटात भरलं. गाडी इतकी शांत झाली, की सिग्नलला ती बंद पडली असं समजून काका पुन्हा चावी फिरवायचे. मिस्त्रींना वाटलं, सुटलो एकदाचे.

आठवडा व्हायच्या आत काका हजर. बारीक टकटक येते म्हणाले. ॲक्सिलरेटर दाबला की वाढते, सोडला की कमी होते, म्हणजे इंजिनाचीच असणार. मिस्त्री शेजारी बसले, काकांनी त्यांना चांगलं लांबवर फिरवून आणलं. टकटक नाही की खडखड नाही. काका एकटे घरी पोहोचले आणि त्यांचा फोन आला, टकटक परत आली. पुन्हा चक्कर, पुन्हा शांतता, पुन्हा फोन. असं किती वेळा झालं ते मिस्त्रींनी मोजायचं सोडून दिलं. शेवटी वैतागून ते म्हणाले होते, की आवाज इंजिनात नाही, तुमच्या कानात आहे. काका तसे सरळ माणूस. ते खरंच कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. कान ठणठणीत होते.

आणि आता येत्या रविवारी काकू मुलीकडे राहायला जाणार होत्या. बॅग भरून दाराशी ठेवली होती. काकांना या वेळी त्यांना स्वतः सोडायला जायचं होतं.

"परत कधी येणार ते बोललीच नाही ती," काका म्हणाले. "दर वेळी सांगते."

त्यांनी चावी दिली. दिली म्हणजे मिस्त्रींनी ती त्यांच्या बोटांतून सोडवून घेतली. काकांना त्यांनी बाकावर बसवलं, कारण बरोबर घेतलं असतं तर प्रत्येक गिअरला त्यांचा जीव वरखाली झाला असता. मिस्त्री एकटेच निघाले.

पहिल्याच वळणावर टकटक सुरू झाली.

मिस्त्रींना आधी संताप आला, मग लाज वाटली. म्हातारा खरं बोलत होता. ॲक्सिलरेटर दाबला, टकटक वाढली. सोडला, कमी झाली. पण नीट कान दिला तर ती पुढून येत नव्हती. शेजारून येत होती. त्यांनी रिकाम्या सीटवर हात ठेवून दाब दिला. आवाज थांबला. हात उचलला, पुन्हा सुरू.

गाडी कडेला घेऊन त्यांनी वाकून पाहिलं. सीटच्या पायाचा एक बोल्ट ढिला झाला होता. इंजिनाच्या थरथरीने रिकामी सीट वाजत होती. आधीच्या त्या गिरणीसारख्या गोंगाटात हे कधी कुणाला ऐकू आलं नव्हतं. कुणी बसलं, की वजनाने ती गप्प. आणि इतके दिवस मिस्त्री तिच्यावरच बसून आवाज शोधत होते. त्यांनी कपाळाला हात लावला. मग खिशातून पाना काढला, बोल्टला लावला, क्षणभर तसाच धरला आणि परत खिशात टाकला.

गॅरेजात आल्यावर त्यांनी काकांना सगळं सांगितलं. इंजिन निर्दोष, कानही निर्दोष. वाजते ती शेजारची रिकामी सीट. काकांनी खिडकीतून हात घालून ती सीट दाबून पाहिली.

"म्हणजे ती बसली की आवाज थांबणार," ते म्हणाले, "आणि आवाज थांबल्याशिवाय ती बसणार नाही."

"हे काकूंना असंच सांगा. इंजिन बंद करून सांगा. आणि मग त्या काय म्हणतात ते ऐका."

काकांनी मान हलवली. पण दार उघडता उघडता ते थांबले.

"मिस्त्री, तेवढं घट्ट करून नाही का मिळणार?"

ढिला बोल्ट दिसला आणि सोडून दिला, असं मिस्त्रींच्या हातून आयुष्यात झालं नव्हतं. त्यांनी खिशातला पाना मुठीत दाबून धरला.

"नाही काका," ते म्हणाले. "त्याला माणूसच लागतं."