खोडापुढचा पदर

"घरात निसर्ग यायला पाहिजे," असं डिझायनर म्हणाला, म्हणून शिवप्रसादनं मुरुडच्या शेतातल्या वाळल्या कडुलिंबाचं खोड लातूरच्या फ्लॅटमध्ये आणलं आणि पॉलिश करून हॉलमध्ये उभं केलं.

त्या दिवसापासून त्याची आई हॉलमध्ये आली की घाईनं डोक्यावर पदर घ्यायची.

"अव्वा, घरात कुणी बाप्या न्हाई की," सून रुद्राणी हसत म्हणाली.

"मामंजी खाकरले ना आत्ता. तुला ऐकू न्हाई आलं?"

अव्वांच्या मामंजींना जाऊन तीस वर्षं झाली होती. त्यांची समाधी त्याच लिंबाखाली होती. रुद्राणीचं हसू जागीच विरलं.

पुढच्या आठवड्यात अव्वा लेकीकडं उदगीरला गेल्या. भर दुपारी रुद्राणी घरात एकटीच खोडावरची धूळ पुसत होती. तेवढ्यात कुणीतरी खाकरलं. घरातल्या बायांना चाहूल द्यायला वडीलधारी माणसं खाकरतात, अगदी तसं.

तिचा हात आपसूक ओढणीकडं गेला. डोकं झाकून, मान खाली घालून ती खोडापुढं उभी राहिली.

मग तिच्या ध्यानात आलं, आवाज खोडातून आलाच नव्हता. तो मागून, तिच्या बेडरूममधून आला होता. आणि आता तिथली आतली कडी कुणीतरी सावकाश काढत होतं.