पाघळणे

शब्दकोशाच्या चौथ्या खंडाचं मुखपृष्ठ तयार होऊन आलं, आणि त्यावर पुन्हा नाव एकट्या मुख्य संपादकांचं. अठरा वर्षं एकेका शब्दाचं कार्ड लिहिणाऱ्या उपसंपादक बाई ते घेऊन तडक त्यांच्या खोलीत शिरल्या.

“बाई, आधी बसा, चहा घ्या. अहो, तुम्ही या कोशाचा पाया. पाया कधी दिसतो का?”

“पहिल्या खंडाला मी कणा होते, दुसऱ्याला माउली, तिसऱ्याला समईची वात.”

“वा! बरं लक्षात आहे तुमच्या.”

“शब्द लक्षात ठेवायचाच पगार घेते, सर.”

चहाला हात न लावता बाई टेबलाशी परतल्या. खंडातलं शेवटचं कार्ड तेवढं उरलं होतं: पाघळणे. पहिला अर्थ, मेणासारखा पदार्थ उष्णतेने पातळ होणे. दुसरा, गोड बोलण्याला भुलून आपला हक्क सोडून देणे. प्रत्येक अर्थाखाली वापराचं एक वाक्य द्यायचं, छापील सापडलं नाही तर स्वतः रचायचं, असा कार्यालयाचा शिरस्ता. बाईंनी पेन कागदावर रुतवून लिहिलं:

‘मुख्य संपादकांनी तोंडभरून कौतुक केलं की उपसंपादक बाई पाघळत, आणि खंडावर नाव एकट्या संपादकांचं लागे.’

संध्याकाळी कार्डांचा गठ्ठा सहीला गेला. अठरा वर्षांत एकही कार्ड न वाचलेल्या संपादकांनी त्यावरही सही ठोकली आणि सवयीने शेरा मारला, ‘उत्तम. जसंच्या तसं छापावं.’